दुखावलेल्यास दुखावण्याचा अधिकार आहे काय?

मंडळीतील तरुणांच्या वाचनमंडळात एखादी कथा वाचून झाली, की पहिला प्रश्न बहुधा असा येतो : या कथेचे तात्पर्य काय? प्रश्न निरुपद्रवी दिसतो. परंतु तात्पर्य हाती लागले की कथा मिटून ठेवता येते आणि तिने आपल्याला विचारलेला प्रश्नही तिच्यासोबत मिटला जातो. म्हणून, वाचकहो, सहजासहजी मिटता न येणारी एक कथा आपल्या वाचनमंडळासाठी येथे सुचवावीशी वाटते.

झीझी पॅकर या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेची 'ब्राउनीज' ही कथा १९९९ साली 'हार्पर्स' मासिकात आली व २००३ साली 'ड्रिंकिंग कॉफी एल्सव्हेअर' या संग्रहात समाविष्ट झाली. आपल्याकडे गाइड चळवळीतील लहान मुलींना 'बुलबुल' म्हणतात, तशाच अमेरिकेतील या 'ब्राउनी'. अटलांटाजवळच्या चौथीतल्या कृष्णवर्णीय मुली शिबिरास जातात. तेथे गोऱ्या मुलींचेही एक पथक आलेले असते. त्यांच्यापैकी कोणी तरी आपल्या डॅफ्नीला वर्णावरून हीन शब्द वापरला, असे अर्नेटा ही पुढारी मुलगी सांगते आणि सूड घेण्याचे ठरते. प्रत्यक्ष गाठ पडते तेव्हा कळते, की त्या मुली बौद्धिकदृष्ट्या अपंग आहेत. काही जणी तर कानी पडलेला शब्द अर्थ न कळताच पुन्हा उच्चारतात. अर्नेटा जिच्याकडे प्रथम बोट दाखवते, ती मुलगी बोलतच नाही.

परतीच्या बसमध्ये लॉरेल ही निवेदिका एक आठवण सांगते. तिच्या वडिलांनी एका मेनोनाइट कुटुंबाला आपल्या घराची पडवी रंगवून मागितली आणि त्या कुटुंबाने श्रद्धेपोटी ती विनामूल्य रंगवून दिली. गोरा माणूस गुडघ्यांवर बसून कृष्णवर्णीयासाठी फुकट राबतो आहे, हे वडिलांना एकदा पाहायचे होते. डॅफ्नी विचारते, की वडिलांनी त्यांचे आभार मानले का. मानलेले नव्हते.

येथे वाचनमंडळ दुभंगते. काही जण वडिलांचा कैवार घेतात : पिढ्यानपिढ्या ज्यांना वाकवले गेले, त्यांनी एकदा दुसऱ्याला वाकलेले पाहिले तर काय बिघडले? काही जण त्यांना तत्काळ दोषी ठरवतात व क्षमेचा उपदेश करतात. मला वाटते, दोन्ही पक्ष घाई करतात. पहिला पक्ष समजून घेणे आणि समर्थन करणे यांत भेद करीत नाही. दुसरा पक्ष घाव न पाहताच मलम लावू पाहतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरला. पण अपमानाची आठवण कायद्याने पुसली जात नाही. ज्याला तो अपमान कधी सोसावा लागला नाही, त्याने सोसणाऱ्याला क्षमेची तारीख ठरवून देऊ नये.

तरीही कथा वडिलांना सोडून देत नाही. ज्यांनी त्यांना अपमानित केले ते कोणी वेगळे होते. पडवी रंगवणारे वेगळे. मुलींचा सूडही असाच भलत्या दारी पोहोचतो. दुखावलेल्या माणसाचा राग न्याय्य असतो, पण न्याय्य रागालाही योग्य माणूस ओळखता येतोच असे नाही. बहुधा तो सर्वांत सहज हाती लागणाऱ्यावर कोसळतो. शिवाय जिच्या नावाने हा सूड उगवला, त्या डॅफ्नीने तो मागितलाच नव्हता.

मेनोनाइट पंथ भारतालाही अपरिचित नाही. दुष्काळपीडितांच्या साहाय्यासाठी या पंथाचे मिशनरी १८९९ साली धमतरी येथे आले होते. युद्धास व सूडास नकार देणाऱ्या या पंथाने पाय धुण्याचा विधीही जतन केला आहे. जो स्वेच्छेने गुडघे टेकतो त्याला गुडघे टेकायला लावल्याचे समाधान कसे मिळणार? वडिलांना सूड मिळाला नाही. मिळाली ती सेवा, आणि तिचा स्वीकार त्यांना करता आला नाही. शुद्ध झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकटा शोमरोनी आभार मानण्यास परतला, हा प्रसंग आपण जाणतो. आभार मानणे म्हणजे देणाऱ्याला माणूस म्हणून ओळखणे. डॅफ्नीचा प्रश्न नेमका तेवढाच आहे.

लॉरेल मोठी होते ती येथे. जग वाईट आहे, हे तर तिला आधीच ठाऊक होते. तो वाईटपणा आपल्या घरात, आपल्या प्रिय माणसातही उतरला आहे, हे ती पाहते आणि वडिलांना वाचवण्यासाठी खोटे बोलत नाही. त्यांना समजूनही ती त्यांच्यासारखे होण्याचे नाकारू शकते.

आपल्या मंडळात ही कथा वाचाल, तेव्हा तात्पर्य मागू नका. प्रत्येकाने मनाशी एवढेच विचारावे : माझ्या जखमेची किंमत मी कोणाकडून वसूल करीत आहे, आणि ती जखम त्यानेच केली होती काय?