वार्धक्यातील बळ

वृद्धापकाळी शरीर बळकट राखण्याची खटपट ख्रिस्ती मनुष्याने करावी काय? “आता आमचे दिवस भरत आले, आत्म्याची काळजी केली म्हणजे पुरे,” असे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ वडीलधारी माणसे म्हणतात, आणि पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार देतात. परंतु प्रेषिताने तेथे शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा म्हटला आहे, मुळीच नाही असे म्हटलेले नाही. शिवाय हे लिहिणारा स्वतः देशोदेशी पायी हिंडलेला होता!

सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा नित्यनेम राखिला, तो संस्थानच्या शाळांत चालू केला, व म्हातारपणीही सोडिला नाही. त्या नमस्कारांबरोबर सूर्याच्या नावांचा उच्चार करण्याची चाल आहे. तो आपणांस करिता येणार नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. तथापि वाकणे, हातांवर भार घेणे व पुन्हा उठणे ह्या क्रियांवर कोणत्याही दैवताचे नाव कोरलेले नाही. चांगली गोष्ट शेजाऱ्यापासून शिकण्यात कमीपणा कसला?

म्हातारपणी बळ परत येतच नाही, ही समजूतही खोटी ठरली आहे. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहरी नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलविण्यात आले, तेव्हा त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरी दुपटीहून अधिक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांस आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आमच्या आज्यांना हे कोणी सांगावे लागले नाही. जाते व विहिरीवरची घागर यांनी ते काम केले. आता दळण गिरणीत जाते व पाणी नळाने येते. ह्या सोयीबद्दल देवाचे आभार मानावे. पण जे बळ कष्टाबरोबर आपोआप येत असे, ते आता मुद्दाम मिळवावे लागते. हात न टेकता बाजेवरून दहा वेळा उठणे, भिंतीला तळहात लावून अंग रेटणे, पाण्याने भरलेला तांब्या उचलणे, एवढ्याने आरंभ होतो. छातीचे दुखणे असेल त्याने आधी डॉक्टरांस विचारावे. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, ते शरीर देवाचे आहे ह्याच विश्वासाने.

परंतु येथे एक सूक्ष्म मोह आहे. “मला कोणाचे उपकार नकोत,” ह्या एकाच इच्छेने व्यायाम करणारा गर्वच पोसतो. पंचाऐंशी वर्षांच्या कालेबाने आपल्या बळाचा उल्लेख केला, तो डोंगराळ मुलूख जिंकण्याचे काम मागण्यासाठी. उलटपक्षी पेत्रास प्रभूने सांगितले की, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील. तेव्हा ज्याला उठणे शक्य आहे त्याने सुनेवर भार न टाकता उठावे. आणि अर्धांगाने अंथरुणास खिळलेल्या भावाला कोणी “तुम्ही व्यायाम केला नाही” असे म्हणू नये. पुढल्या रविवारी त्याला उपासनेस आणण्यासाठी चौघांनी बाज उचलावी; तेवढे बळ मंडळीतील वडिलांत अजून आहे.