बसणें आणि मानवणें

आपल्या नित्याच्या बोलण्यांत ‘बसणें’ आणि ‘मानवणें’ हीं दोन क्रियापदें येतात. पाय जोड्यांत बसतो, किल्ली कुलुपांत बसते. परंतु हवा मानवते, औषध मानवतें, परगांवचें पाणी मानवतें किंवा मानवत नाहीं. पहिल्या शब्दांत मापाचा निकाल आहे, दुसऱ्यांत अनुभवाचा. मापाचा निकाल क्षणांत लागतो. अनुभवाचा लागावयास काळ जावा लागतो, आणि तो पुष्कळदां निकाल देणाऱ्याच्या नव्हे, तर तिसऱ्याच कोणाच्या अंगावर लागतो. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जन्मभर चाळूनहि जो भेद आम्हांस नीट उमगला नव्हता, तो उरण येथील एका तीनचाकी रिक्षेनें अलीकडे आम्हांस शिकविला.

आमच्या परिचयाचा एक रिक्षावाला मोरा बंदर ते उरण गांव अशी रोज ये-जा करतो. समुद्र जवळ, मिठागरें जवळ. येथील खाऱ्या हवेंत लोखंडाचें आयुष्य मुळांतच थोडें. त्यांत १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यापासून कंटेनर वाहणाऱ्या अजस्र गाड्या या तालुक्यांतून रात्रंदिवस धांवतात, आणि रस्त्यांवर त्यांचा भार पडतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या रिक्षेच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा गंजून मोडल्या. नवी जोडी घेण्याइतके पैसे त्याच्या हाताशीं नव्हते. भंगारांत मात्र त्याच घराण्यांतील एका मालवाहू गाडीची जोडी स्वस्तांत मिळत होती.

गॅरेजमध्यें त्या वेळीं आम्ही उभे होतों. म्हाताऱ्या मिस्त्रीनें ती जोडी हातांत घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलें, “गाडींत बसतं काय? माणूस, कीं माल?” मग आपणच म्हणाला, “भोकं जुळतात. बसेल, पण मानवायची नाहीं.” रिक्षावाल्यानें आमच्या तोंडाकडे पाहिलें. आम्ही पडलों पदवीधर! “दोन्ही गाड्या एकाच घराण्यांतल्या; फरक तो काय पडणार? शिवाय ही जोडी अधिक मजबूतच आहे,” असें आम्ही सांगितलें. सल्ला फुकटचा होता आणि जोखीम आमची नव्हती; अशा वेळीं मनुष्याची वाणी फार ठाम होते.

चार दिवसांनीं आमची वडील बहीण, अक्का, भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें मोरा बंदरास उतरली. वय ७२, अंगानें किडकिडीत. आमच्याच सांगण्यावरून तोच रिक्षावाला तिला आणावयास गेला होता. वाटेंत एका गतिरोधकावर रिक्षा आदळली. एकटी बसलेली अक्का आसनावरून उडाली आणि परत आसनावर आपटली. मणक्यास दुखापत होऊन तीन आठवडे ती आमच्या घरीं अंथरुणावर पडून होती. तिच्या उशाशीं बसून आम्ही आमचा युक्तिवाद पुन्हां तपासूं लागलों.

घराण्याची गोष्ट खोटी नव्हती. इटलींतील पियाज्जो कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा ही स्कूटर काढली. तिचा कर्ता कोर्रादीनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येंतील अभियंता. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिच्याच अंगाला मागें दोन चाकें जोडून १९४८ सालीं मालवाहू आपे निघाली. आपे म्हणजे मधमाशी. बजाजनें पियाज्जोच्या सहकार्यानें हें कूळ महाराष्ट्रांत आणलें. तें सहकार्य १९७१ सालीं संपलें. आणि पुढें १९९९ सालीं पियाज्जोनें स्वतःच बारामतीस आपेचें उत्पादन आरंभिलें. लांब्रेट्टा या दुसऱ्या इटालियन स्कूटरीपासूनहि अशीच लांब्रो नांवाची तीनचाकी निपजली. मोटारीचें चक्र न घेतां स्कूटरीची मूठ हातीं धरून चालणारी रिक्षा आपलें कूळ आजहि लपवीत नाहीं. रिक्षा आणि मालाची तीनचाकी हीं या अर्थानें चुलत भावंडेंच होत. वंशावळ खरी, परंतु कोणीं किती ओझें वाहावें हें वंशावळींत लिहिलेलें नसतें.

स्प्रिंगेचें काम दबण्याचें आहे. जी स्प्रिंग चार पोत्यांखालीं हवी तेवढी दबते, ती एका कृश म्हातारीखालीं जवळजवळ दबतच नाहीं. मग रस्त्याचा धक्का वाटेंत न जिरतां थेट आसनापर्यंत पोंचतो. स्प्रिंगेची उसळी आवरण्यासाठीं जो शॉकॲब्सॉर्बर असतो, तो तिच्याच ताकदीच्या हिशेबानें केलेला असतो. स्प्रिंग ताठ झाली आणि तो जुनाच राहिला, तर त्याला ती आवरत नाहीं. मागची बाजू उंचावली, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर चढतो. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरहि डुगडुगत नाहीं हें खरें, पण ती कलंडते मात्र लौकर. तीन चाकांच्या गाडीचेंहि वळणावर तसेंच आहे. भोकें जुळलीं एवढ्यावरून यांतील एकाहि गोष्टीचा निर्णय होत नव्हता. ‘मजबूत’ हा शब्द ओझ्यापासून तोडून आम्ही वापरला, आणि मऊपणा ही दुर्बलता समजलों.

अशा सुट्या भागांवर विचारवंतांनीं पूर्वींपासून डोकें चालविलें आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन मिलिंद राजास विचारतो, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? अखेर ठरतें तें हें कीं, या सर्वांच्या जुळणीला आपण व्यवहारांत रथ म्हणतों. प्लूटार्कनें सांगितलेल्या थीसिअसच्या नौकेच्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हां नौका तीच कीं दुसरी, असा वाद अथेन्समधील पंडितांत माजला. करंज्याचा कोळीहि होडीची कुजलेली फळी काढून नवी बसवितो आणि होडीचें नांव तेंच ठेवतो. कारण त्याला निराळाच प्रश्न पडलेला असतो. या फळीला समुद्र झेपेल कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. आणि उद्यां त्या होडींत त्याला स्वतःला बसावयाचें असतें.

आमच्या मतें नीतीचा प्रश्न नेमका येथें उभा राहतो. जुन्याचें नवें करणें, एकाचें दुसऱ्यास लावून निभावणें हा गरिबाच्या संसाराचा धर्मच आहे, आणि त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्यांस नाहीं. आजीच्या लुगड्याची गोधडी कोणाला नको आहे? पण गोधडीचें ठिगळ चुकलें, तर थंडी शिवणारीच्याच घरांत शिरते. आमच्या प्रसंगांत बचत रिक्षावाल्याची झाली, शहाणपणाचा मान आम्ही मिळविला, आणि मणका अक्काचा दुखावला. जिच्या अंगावर प्रयोग व्हावयाचा होता, तिला तेवढें कोणीं विचारलें नव्हतें. कायद्यानें वाहनाच्या फेरफारांस मर्यादा घातल्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम त्याविषयींच आहे. पण गॅरेजच्या ओट्यावर कलम हजर नसतें. तेथें हजर असतो तो मिस्त्रीचा प्रश्न, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखें करणारे आमच्यासारखे सल्लागार.

आणि हा दोष केवळ गॅरेजमध्येंच घडतो असेंहि नाहीं. आम्ही व्यवसायानें शिक्षक आहों. परक्या मुलांसाठीं बेतलेला धडा आपल्या वेळापत्रकांत ‘बसला’ म्हणून आम्ही कितीदां समाधान मानलें, आणि तो पुढच्या बांकावरील मुलाला मानवला कीं नाहीं हें पाहिलेंच नाहीं, याचा हिशेब त्या तीन आठवड्यांत आम्हांस पुष्कळ करावा लागला.

रिक्षावाला रोज अक्काच्या समाचारास येई आणि दारांतच उभा राही. मूळ मापाची नवी जोडी घेण्यासाठीं आम्ही निम्मे पैसे देऊं केले. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्यानें ते घेतले. स्प्रिंगेचें सारें शास्त्र आम्ही अक्काला समजावून सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “म्हणजे त्या स्प्रिंगेच्या मानानं मी पुरेशी जड नव्हतें, एवढाच माझा अपराध!” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

परत जातांना ती त्याच रिक्षेंत बसली. बसण्यापूर्वीं तिनें त्याला विचारलें, “आतां ही माणसांची गाडी आहे ना रे बाबा?” मिस्त्रीनें पहिल्याच दिवशीं विचारलेला प्रश्न तोच होता.