एकट्याचा हिशेब

वर्ध्यास लागूनच असलेल्या नालवाडींत आमच्या वडील भगिनी राहतात. मुलींच्या शाळेंत तीस वर्षें भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या. लग्न त्यांनीं केलें नाहीं. १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैअखेर चेरापुंजीस २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला, हा आंकडा त्या आजही न अडखळतां सांगतात. परंतु चेरापुंजी त्यांनीं पाहिलें नव्हतें. गेल्या वर्षीं तें पाहावयाचें ठरवून त्यांनीं एका प्रवासी कंपनीचें माहितीपत्रक आणविलें. त्यांत दर छापला होता तो 'माणशीं', आणि खालीं बारीक अक्षरांत असें होतें कीं, हा दर दोघांनीं मिळून एक खोली घेतल्यास लागू. एकट्या प्रवाशानें एकोणीस हजार रुपये अधिक भरावे. ताईंनीं तो कागद आमच्यापुढें टाकला आणि विचारलें, "अरे, मी माणूस नव्हे काय?"

आम्हीं प्रथम कंपनीचीच बाजू घेतली. खोलीचें भाडें चार हजार असेल तर दोघांस तें दोन-दोन हजार पडतें, एकट्यास चार हजार. खोली कांहीं माणसें मोजून लहान-मोठी होत नाहीं. घराचेंही तसेंच आहे. एकट्याच्या घरास दिवा, छप्पर आणि चूल हीं लागतातच. युरोपांतील सांख्यिक कुटुंबाच्या गरजा मोजतांना पहिल्या प्रौढास १, दुसऱ्यास ०.५ व मुलास ०.३ असा भार देतात. म्हणजे दोघांचा संसार दीड माणसाच्या खर्चांत चालतो, आणि एकटें राहणारास माणशीं खर्च दोघांतील एकापेक्षां अधिकच येतो. यांत कोणीं कोणास लुबाडलें असें नव्हे. हें सारें आम्हीं ताईंस समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि सकाळच्या न्याहारीचें काय, एवढेंच विचारलें. भाड्यांत दोघांची न्याहारी धरलेली असते; दुसरी त्या खाणार नव्हत्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें विचार करितां आम्हांस असें दिसूं लागलें कीं, गणित बरोबर असलें तरी तें कोठून मोजावयास लागावें हें कांहीं गणित ठरवीत नाहीं. रेल्वे डबा विकत नाहीं, निजण्याची एक जागा विकते. म्हणून एकटा उतारू हा तिच्या लेखीं पुरा उतारू असतो. पंढरीच्या वारींत दिंडीबरोबर चालणारा वारकरी आपली भिशी माणशीं भरतो. त्याचें कुटुंब बरोबर आहे कीं घरीं, हें त्यांत येत नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेले हजारों पुरुष बायकामुलांवांचून राहत. त्यांच्याकरितां खाणावळी निघाल्या, गांवकीच्या खोल्या निघाल्या; पाळीपाळीनें एकाच जागेवर माणसें निजत आणि प्रत्येक जण आपल्यापुरती वर्गणी देई. तेथें एकटा हाच नियम होता, आणि सपत्नीक येणारा मनुष्य हीच अडचण! ज्यानें घर बांधलें त्याच्या डोळ्यांपुढें कोण होतें, यावर अधिक पैसे कोणीं द्यावयाचे हें ठरतें. आजच्या हॉटेलवाल्याच्या डोळ्यांपुढें जोडपें आहे.

मात्र हे सगळे स्वस्ताईचे दाखले एका गोष्टीवांचूनचे आहेत. त्यांत आंतून लावावयास कडी नाहीं. कंपनीच्या कारकुनानें हाच मार्ग ताईंना सुचविला होता: दुसऱ्या एखाद्या एकट्या बाईंबरोबर खोली घ्या, अधिक कांहीं पडणार नाहीं. ताई म्हणाल्या, "त्या घोरतील म्हणून मी भीत नाहीं. मी घोरतें तें कोणी ऐकूं नये." त्रेसष्ट वर्षांच्या वयांत माणसास एवढी लाज बाळगण्याचा अधिकार असावा असें आम्हांस वाटतें. जोडप्यास ही कडी निम्म्या किंमतींत मिळते, आणि शिवाय ती त्यास मागावीही लागत नाहीं.

नालवाडीस एकट्या माणसाचा हिशेब नवा नाहीं. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथें येऊन राहिले आणि १९३८ सालीं पवनारास गेले. मधल्या काळांत, सूत कांतून मिळणाऱ्या मजुरीवर एका माणसास जगतां येतें कीं नाहीं, हें त्यांनीं स्वतःच्या देहावर अजमावून पाहिलें. पवनारास त्यांनीं १९५९ सालीं स्त्रियांकरितां ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. ज्या बाईस संसार करावयाचा नाहीं तिनें कोणाच्या तरी घरीं आश्रितासारखें राहावें, हा एकच मार्ग त्यांनीं मानला नाहीं. चेरापुंजीची सहल आणि विनोबांचें व्रत हीं एका तागडींत घालण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु एका माणसास एक माणूस म्हणून मोजण्याचा प्रश्न दोहोंकडे आहे.

आणि येथें आम्हांस आमचाच जुना हिशेब उघडावा लागला. मुलें लहान असतां आम्ही उन्हाळ्याच्या सुटींत महाबळेश्वरास, गोव्यास, एकदां म्हैसुरास गेलों, आणि बहुतेक वेळां ताई बरोबर होत्या. खोलींत एक जादा गादी टाकून घेतली कीं त्यांची सोय होई. गादीचे पैसे थोडे पडत. "ताईलाही आपल्यामुळें हिंडावयास मिळतें," असें आम्ही समाधानानें म्हणत असूं. गोव्यास रोज सायंकाळीं आम्ही उभयतां समुद्रावर जात असूं आणि ताई दोन्हीं मुलांना जेवूं घालून निजवीत. त्या सायंकाळींचे पैसे कोणत्या पत्रकांत छापले असते? आमचें दोघांचें स्वस्त गणित तिसऱ्या गादीवर उभें होतें. समुद्र ताईंनीं दुपारच्या उन्हांत पाहिला.

तेव्हां अधिक आकार सर्वस्वीं अन्याय आहे असें आम्ही आजही म्हणत नाहीं. खोलीचें भाडें कोणास तरी द्यावेंच लागेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो दर अर्ध्या जोडप्याचा आहे त्यास 'माणशीं' म्हणूं नये. खोलीचा दर छापावा, प्रवासाचा वेगळा छापावा, आणि दुसरी न्याहारी वजा करावी. याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. कित्येक लॉजांत व यात्रेकरूंच्या निवासांतही एकट्या माणसास, विशेषतः एकट्या बाईस, खोलीच देत नाहींत. एकटा आला म्हणजे जीव देण्यास आला असावा, अशी भीति ते सांगतात. बाईविषयींची शंका तर तोंडानें बोलतही नाहींत. पैसे अधिक मागणारा निदान तिला गिऱ्हाईक तरी समजतो.

एकोणीस हजार आम्ही देतों असें आम्हीं म्हटलें. ताई म्हणाल्या, "नको. तूं दिलेस कीं मी पुन्हां तुमच्याबरोबरच गेल्यासारखें होईल." मार्गशीर्षांत त्या गेल्या. आठ दिवसांनीं नागपूरच्या विमानतळावर त्यांस उतरवून घ्यावयास आम्ही गेलों. नालवाडीपर्यंत वाटेंत त्या दऱ्यांविषयीं, झाडांच्या जिवंत मुळांच्या पुलांविषयीं, खासी बायकांच्या बाजाराविषयीं बोलत होत्या. पाऊस मात्र दोन दिवसांत एक थेंब पडला नाहीं. हिंवाळ्यांत तेथें पाण्याचें दुर्भिक्ष असतें, हें त्या मुलींना दर वर्षीं शिकवीत आल्या होत्या.