मूल नुसते खेळते काय?

आमच्या इंदूरच्या लहानशा मराठी मंडळीत रविवारी उपासनेपूर्वी बालवर्ग भरतो. गेली काही वर्षे तो माझ्याकडे आहे. एका रविवारी मी मुलांकडून मुखपाठाचे वचन म्हणवून घेत होतो. पाच वर्षांचा एक मुलगा मात्र सतरंजीवर चिंचोके मांडीत बसला होता. मी दोनदा दटावले. तिसऱ्यांदा मांडलेले चिंचोके उचलून घेतले व म्हणालो, "हे खेळण्याचे ठिकाण आहे काय?" तो रडला नाही. मुठीत राहिलेला एक चिंचोका त्याने माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "हा उरला. ती लाल फ्रॉकवाली आज आली नाही." वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी त्याने एकेक चिंचोका मांडला होता. मुले आठ होती, चिंचोके नऊ. एक लेकरू आले नाही, हे शिक्षकाच्या ध्यानात आले नव्हते. खेळणाऱ्याच्या आले होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. मुलाचा खेळ म्हणजे रिकाम्या वेळेचा चाळा, की ते त्याचे काम? आणि ते काम असेल, तर ते त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

भातुकली मांडलेल्या मुलांकडे घटकाभर पाहा. चार पाहुणे आले म्हणून चार पाने मांडली जातात. येथे गणिताचा आरंभ होतो. खडे हे तांदूळ आहेत, असे सर्वजण मिळून ठरवितात. एका वस्तूने दुसरीची खूण व्हावी, हेच पुढे अक्षर शिकताना लागते. "आता मी आई, मग तू" असे म्हणून मूल आपली पाळी येईतो थांबते. हा संयम आपण छडीने शिकवू पाहतो. खेळात तो मूल स्वतःवर स्वतःच घालून घेते. कणकेचा गोळा मळताना, मणी ओवताना बोटांत बळ येते. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडेसुद्धा पुरती घडलेली नसतात. त्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने लिहून घेणे म्हणजे रोपाला फळ मागणे होय.

हे सारे मी त्या मुलाच्या आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती चार घरी स्वयंपाक करते. मुलाला तिने जवळच्या एका इंग्रजी शाळेच्या के. जी. वर्गात घातले आहे. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, खेळायला गल्ली आहे. फी मी अक्षरांसाठी भरते. मला वाचता येत नाही म्हणून काय काय झाले, ते मला ठाऊक आहे."

मी निरुत्तर झालो. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनी "मुलांना खेळू द्या" म्हणणे सोपे आहे. या बाईला तिचे मूल मागे पडण्याचे भय आहे, आणि ते भय खोटे नाही. खेळाचे नाव सांगून गरिबाच्या मुलाला अक्षरांपासून दूर ठेवील, त्याने त्या मुलाचा अपराधच केला.

परंतु गल्लीतला खेळ आणि बालवाडीतला खेळ यांत एक अंतर आहे. गल्लीत मुलाचे बोलणे ऐकून घेणारे, त्याला गोष्ट सांगणारे, त्याच्या "का?" ला उत्तर देणारे मोठे माणूस नसते. सुखवस्तू घरात ते बरेचदा असते. दिवसभर राबणाऱ्या आईला तेवढी फुरसत कोठून मिळणार? म्हणून बालवाडीची खरी गरज तिच्याच मुलाला अधिक आहे. तेथेही त्याला केवळ घोकंपट्टी मिळाली, तर त्या माउलीच्या घामाच्या पैशाला कमी माप मिळाले असेच म्हणावे लागेल.

ही केवळ कल्पना नव्हे. रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली पहिले बालगृह उघडले ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आमच्या इंदुरात सरवटे बसस्थानक सर्वांना ठाऊक आहे. ज्या तात्या सरवट्यांचे नाव त्याला आहे त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी 1947 साली येथे बाल निकेतन संघ स्थापून मॉन्टेसरी पद्धतीचे शिक्षण सुरू केले. ते काम शहरातल्या सुशिक्षित घरांपाशी थांबले नाही. झाबुआ व धार या आदिवासी जिल्ह्यांपर्यंत गेले. 1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 साली त्या निवर्तल्या.

तिकडे महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपणांस तेथून मिळाला. पुढे 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माझ्या वर्गातल्या मुलाच्या खिशात जे होते ते या बायांनी शिक्षणाचे साहित्य मानले. मी ते जप्त केले.

मोठ्या माणसांना खेळाचे असे वावडे का असावे? किंडरगार्टन ही कल्पना देणारे फ्रोबेल हे जर्मनीतील एका ल्यूथरन पाळकाचे चिरंजीव. त्यांच्या बालोद्यानांवर प्रशियाच्या सरकारने 1851 साली नास्तिकपणाचा संशय घेऊन बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती 1860 साली. मुले आपल्या मनाने काही करू लागली की आपला धीर सुटतो, हेच याचे मूळ असावे. आज तर सरकारच खेळाच्या बाजूचे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ व कृती यांवर उभारावा असे सांगितले आहे. तरी वह्या भरलेल्या दिसल्या नाहीत तर तक्रार घेऊन शाळेत जातो कोण? आपणच!

येथे एक सावधगिरीही हवी. "खेळातून शिक्षण" हा शब्द हल्ली फार चालतो. कडू औषधावर गूळ लावावा तसा खेळ वापरला, प्रत्येक खेळातून एक अक्षर निघालेच पाहिजे असा हट्ट धरला, तर तो खेळ राहत नाही, आणि मुलाला ते ताबडतोब कळते. खेळाचे लाभ आहेत म्हणून त्याला परवानगी द्यावी, हे अर्धेच सत्य आहे. मूल म्हणजे केवळ उद्याचा इंजिनियर किंवा उद्याची डॉक्टर नव्हे. ते आज, चार वर्षांचे असताना, पुरते माणूस आहे. त्याचा आजचा दिवस आपल्या उद्याच्या मानासाठी गहाण टाकणे हा व्यवहार न्यायाचा आहे काय?

प्रभू येशूने बाजारात लग्नाचा आणि मयताचा खेळ खेळणारी मुले पाहिली होती. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात त्यांचा दाखला आहे. मुलांना जवळ घेताना हे पुढे कोण होणार, असे त्याने विचारले नाही. जखऱ्या संदेष्ट्याने उद्धार पावलेल्या यरुशलेमेचे चित्र रेखाटले, त्यात रस्तोरस्ती खेळणारी मुलेमुली आहेत. नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय आपण मुलांना शिस्त लावताना पुढे करतो; पण तेथील सहावे वचन मुलाची स्थिती पाहून त्याला शिकवावे असेच मराठीत सांगते.

आमच्या बालवर्गात आता पत्र्याचा एक डबा आहे. त्यात चिंचोके, शिंपले, रिकामी रिळे व कापडाचे तुकडे आहेत. वचन आम्ही अजूनही म्हणतो, पण आधी अर्धा तास डबा उघडतो. त्या आईला माझे सगळे पटले असे मी म्हणणार नाही. एकदा ती येऊन बसली, मुलाची मांडामांड पाहिली आणि म्हणाली, "बरं आहे भाऊ, पण अक्षरं विसरू नका." मी विसरणार नाही. तो तिचा हक्क आहे, आणि खेळ हा तिच्या मुलाचा.

त्या पहिल्या रविवारी मी चिंचोके परत दिले. उपासना आटोपल्यावर लाल फ्रॉकवालीच्या घरी गेलो. तिला तीन दिवसांपासून ताप होता, आणि तोवर कोणी विचारपूस केली नव्हती.