चौघांतला एक मागितला तर

एका ठिकाणी चौघे बसले आहेत: ध्यान करणारा भिक्खू, त्याचा जिवलग, एक ना ओळखीचा ना पाळखीचा माणूस आणि चौथा वैरी. दरोडेखोर येतात. बळी द्यायला यांतला एक हवा, म्हणतात. भिक्खूने बोट कोणाकडे दाखवावं? वैऱ्याकडे नाही, हे कोणीही सांगेल. पण ‘मला न्या’ हे उत्तरही बौद्ध आचार्य बुद्धघोष नापास करतो! पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात त्याचा निकाल स्पष्ट आहे: चौघांपैकी एकालाही द्यावंसं वाटेना, तेव्हाच मनातली कुंपणं मोडली. त्यागाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समाजाला हे पचायला अंमळ जडच.

मैत्रीभावनेचा, म्हणजे सगळ्यांविषयी मैत्री जोपासण्याच्या ध्यानाचा, क्रमही याला धरूनच आहे. सुरुवात स्वतःपासून. मग आदरणीय आचार्य, जिवलग, तिऱ्हाईत आणि सगळ्यात शेवटी वैरी. आधीच वैरी डोळ्यांसमोर आणला तर मैत्री राहते बाजूला, जुना रागच उसळतो.

राग जाता जात नसेल तर? बुद्धघोष एकामागून एक तोडगे सांगतो. रागावलास तो नेमका कशावर, त्याच्या केसांवर, नखांवर, की हाडांवर, असं स्वतःला विचारून पाहा, म्हणतो. तेही साधलं नाही, तर त्या माणसाला काहीतरी देऊन टाक. इथे तो चित्तलपर्वत विहारातली हकिकत सांगतो. एका थेराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, एका भिक्खूला राहत्या जागेवरून तीनदा उठवलं होतं. त्याच थेरापुढे या भिक्खूने आपलं भिक्षापात्र ठेवलं. पात्र आठ कार्षापणांचं, उपासिका आईने दिलेलं. तिला पुण्य लाभू द्या, एवढंच तो म्हणाला.

बुद्धघोषाची खरी तीक्ष्ण नजर दिसते ती ‘जवळच्या शत्रूं’च्या, म्हणजे सद्गुणाचं सोंग घेणाऱ्या दोषांच्या बाबतीत. द्वेष हा मैत्रीचा उघड शत्रू. आसक्ती मात्र तिच्याच वेषात घरात शिरते. मैत्रीच्या जोडीच्या भावनांचंही तेच: करुणेच्या आडून रडगाणं येतं आणि उपेक्षेच्या, म्हणजे समचित्ततेच्या नावाखाली निव्वळ बेफिकिरी. घरात भांडण पेटलेलं असताना डोळे मिटून बसणाऱ्याने ही यादी एकदा जरूर पाहावी.

गोव्यातल्या साखवाळचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्गा’साठी हार्वर्डपर्यंत गेले. त्यांनी संपादित केलेली देवनागरी प्रत मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४०मध्ये काढली. पालीची थोडी ओळख असेल तर मैत्रीची ही चर्चा असलेल्या नवव्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. आधीचे आठ नंतरही वाचता येतात.