आज्जी, म्हशी आणि एक खोटा आवाज

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेच्या बहुतेक गल्ल्यांना पंचगंगेचं पाणी शिवत नाही. म्हणूनच पुराच्या दिवसांत दुसऱ्यांच्या मदतीला धावायचं काम या पेठेच्या तालमींना फार. जुलैतल्या एका रात्री मिरजकर तिकटीजवळच्या कट्ट्यावर दोघं बसली होती: पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मामा आणि मंडळाचा मदतीचा ग्रुप सांभाळणारी भाची. राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. भाचीच्या मोबाइलवर एका अनोळखी पुरुषाचा घाबराघुबरा आवाज येऊन पडला होता: राधानगरीचे सातही दरवाजे उघडलेत, धरणाला तडा गेलाय, निघा!

भाची: तडा-बिडा काही न्हाई, मामा. कंट्रोल रूमला फोन लावून विचारलं मी. तरीबी हा आवाज नदीकाठच्या चिखलीतल्या आज्जीला पाठवावा असं वाटालंय.

मामा: खोटा हाय हे ठाऊक असून?

भाची: म्हणून तर तुम्हाला विचारायला आलो. (कोल्हापूरच्या पोरी ‘आलो-गेलो’च म्हणतात.) खरं सांगून ती हलंना. ‘2019 ला बी बघितलंय’ म्हणती. हे ऐकलं तर अर्ध्या तासात बाहेर पडंल.

मामा: पडंल की. पण कशी? तडा गेलाय म्हटल्यावर म्हशी दाव्यालाच सोडून पळंल. खरं सांगितलंस तर तिला कळंल की पाणी तासातासानं चढालंय, म्हशी सोडवून न्यायला वेळ हाय. तुझ्या खोट्यानं ती वाचंल, पण चुकीचं काम करून वाचंल. आणि हा आवाज तिच्याजवळच थांबणार हाय व्हय? शिरोलीला हायवे पाण्याखाली असला तरी माणसं गाड्या काढून तिकडंच धावतील.

भाची: दरवाजे उघडलेत हे तर खरं हाय ना?

मामा हसले. इथं त्यांच्यातला जुना कर्मचारी जागा झाला.

मामा: ते दरवाजे स्वयंचलित हायत, बाळ. धरण भरलं की पाण्याच्या जोरानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एकेकातून 1428 क्युसेक. दरवाजा उघडला म्हणजे धरण ठणठणीत हाय, ठरल्यासारखं चाललंय. आणि पंचगंगेत काय एकटी राधानगरीची भोगावतीच येती? कासारी, कुंभी, तुळशी कुठं गेल्या? त्या आवाजातली खरी गोष्टच जास्त फसवी हाय. तिच्या खांद्यावर बसून खोटं आत येतं.

भाची: बरं. मग पानशेतचं काय? 12 जुलै 1961 ला धरण फुटलं. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती टाकत होते, आणि खाली पुण्याला कुणी वेळेत धड सांगितलं न्हाई. तुमच्यासारखीच माणसं असणार, ‘पक्कं कळल्याबिगर बोलू नये’ म्हणणारी.

मामा बराच वेळ गप्प बसले. मलाही इथं भाचीचंच पारडं जड वाटतं. खात्री होईपर्यंत तोंड मिटून बसणं ही सभ्यता दिसते खरी, पण तिची किंमत खालच्या काठावरच्यांनी भरायची असते.

मामा: मान्य. पण पानशेतला गरज होती ती ‘पोती टाकालोत, धरण टिकंल का सांगता येत न्हाई’ एवढं सांगायची. तेवढं सांगायला खात्री कशाला लागती? जे दिसतंय ते आणि जे ठाऊक न्हाई ते, दोन्ही सांगायचं. तू जे पाठवणार हाईस त्यात ठाऊक नसलेलं काहीच न्हाई. सगळं छातीठोक.

भाची: पण हेतू तर चांगला हाय.

मामा: राईनपाड्याला बी हेतू चांगलाच होता. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून मेसेज फिरत होते. ते पुढं ढकलणाऱ्यांना आपल्या पोरांची काळजी होती. जमावाच्या हातून मेली कोण? मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली पाच माणसं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आता पाच जणांना खोटं पाठवलेलं चालतं व्हय?

भाची: म्हणजे मी खरंच पाठवायचं, आणि आज्जीनं ते वाचून पुन्हा झोपायचं.

मामा: खरं अळणी असायलाच पायजे असं कुठं लिवलंय? ‘पातळी 43 फुटांवर’ म्हणून तिला काय कळणार? 2019 ला बरीच माणसं घरात थांबली, कारण त्यांच्या डोक्यात 2005 च्या पुराची खूण होती. पाणी त्याच्या वर गेलं, बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढं. आज्जीचं मोजमाप तिचा गोठा हाय. पाणी गोठ्याच्या कुठल्या पायरीला लागलं की रस्ता बंद होतो, ते तिच्याच गल्लीतल्या माणसाकडून विचारून घे. आणि लिहू नको, फोन कर. त्या आवाजाला कुणी उलट प्रश्न विचारू शकत न्हाई. तुला विचारता येतो.

भाची: ग्रुपात चारशे माणसं हायत, मामा. कुणाकुणाला फोन करू?

मामा: चारशेंना लेखी कळव: कुणी सांगितलं, किती वाजता, आणि तुला काय ठाऊक न्हाई. फोन त्यांनाच कर, जे अडून बसलेत.

भाचीनं मोबाइल उचलला, पुन्हा खाली ठेवला.

भाची: एक सांगा. हे सगळं केलं, तरी आज्जी हटली न्हाई आणि पाणी आलं. मग मी खोटं बोललो न्हाई याचा तिला काय उपयोग?

मामा: त्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. अशा वेळी खोटं बोलून माणूस वाचवणाऱ्याला मी वाईट म्हणणार न्हाई. पण तुझी ती वेळ अजून आलेली न्हाई. आज्जी पाण्यापायी अडून बसली हाय का म्हशींपायी, ते तरी तिला विचारलंस का?

भाची: न्हाई.

तिनं नंबर लावला. पलीकडून आज्जीचा आवाज कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू आला, कारण आज्जी फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरजच नसते. मिनिटभर ऐकून भाचीनं हातानं मोबाइलचा माइक झाकला.

भाची: दोन म्हशी आणि एक रेडकू. वर बांधायला जागा न्हाई म्हणती. मामा, टेम्पो कुणाचा मिळंल आत्ता?