अपिलाची मुदत आणि मुलाचे वय

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शहाणपण येण्याइतके ज्याचे वयच झालेले नाही, त्याचे बोट धरून मोठ्यांनीच त्याला ती पायरी चढायला लावली, तर काय म्हणावे? शिवाय ही पायरी एकटी नसते. कौटुंबिक न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय, त्याहीवर सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या मांडलेल्याच असतात. मोठी माणसे त्यांवर चढउतार करतात, मूल मात्र एका पायरीवर बसून असते. ते बसून राहिले तरी त्याचे वय काही थांबत नाही. म्हणून प्रश्न पडतो, की मुलासाठी म्हणून जे अपील केले जाते ते खरोखर कोणासाठी असते?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. मी राहतो त्या नल्लकुंट्यात शंकरमठापासून फीव्हर हॉस्पिटलपर्यंतच्या गल्ल्यांत मराठी, तेलुगू, कानडी बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून नांदतात. सोयरिकीही जुळतात. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली असाच एक विद्यार्थी होता. वडील मराठी, आई तेलुगू. एका दमात ‘आई’ आणि ‘अम्मा’ दोन्ही म्हणणारा. तो चौथीत असताना आईवडील वेगळे झाले आणि त्याच्या ताब्याचा दावा उभा राहिला. दावा चालेपर्यंत तो वडिलांकडे राही आणि रविवारी आईकडे जाई. पाचवीत आम्ही त्याला स्नेहसंमेलनाच्या नाटकात घेतले. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“सर, मला नाटकात नका घेऊ.”

“का रे? पाठांतर जमत नाही का?”

“जमतं सर. पण त्या दिवशी तारीख लागली तर?”

‘तारीख’ हा शब्द दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी वाढदिवसाच्या किंवा सुटीच्या निमित्ताने यावा. त्याने तो वकिलासारखा उच्चारला. मी काहीतरी समजूत घालून त्याला वर्गात पाठवले.

पुढे आई आणि वडील दोघेही निरनिराळ्या दिवशी दाखला मागायला आले. दोघांनाही मी एकच मजकूर लिहून दिला: वर्तणूक चांगली, हजेरी समाधानकारक. मुलगा डबा तसाच परत नेतो, सोमवारी वर्गात डुलक्या घेतो, हे वर्गशिक्षिकेने मला सांगितले होते. ते मी लिहिले नाही. शाळेने घरच्या भांडणात पडू नये, असे मी स्वतःला बजावले. त्या वेळी मी त्याला तटस्थपणा म्हटले. आज मी त्याला भित्रेपणा म्हणतो.

मुलगा सहावीत असताना निकाल आईच्या बाजूने लागला. वडिलांनी मुदतीत अपील केले, हुकमाला स्थगिती मिळाली. अपिलाचा निकाल लागला तेव्हा मुलगा नववीत होता. त्याला मिसरूड फुटू लागले होते. निकालात म्हटले होते, की मूल आता वडिलांच्या घरी रुळलेले आहे, शाळा व मित्र तेथेच आहेत, तेव्हा त्याला हलवणे हिताचे नाही. आईने सुट्यांत भेटावे. एका अर्थी ते खरेही होते. तीन वर्षांच्या स्थगितीनेच त्याला रुळवले होते. आईने वर जावे असे तिला पुष्कळांनी सुचवले. ती गेली नाही. “तिला माया कमी,” असे गल्लीत बोलले गेले. ती मला तेलुगूत एवढेच म्हणाली, “सार, आणखी तीन वर्षं त्यानं तारखाच मोजायच्या का?”

हे ऐकले आणि मला महाउम्मग्ग जातकातली कथा आठवली. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात. महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला मध्ये ठेवतो आणि दोघींना दोन बाजूंनी ओढायला सांगतो. मूल कळवळून रडते तेव्हा एकीचे हात सुटतात. तीच खरी आई, असा निवाडा होतो. बायबलातल्या सॉलोमन राजाची गोष्टही याच जातीची आहे. जगभर या गोष्टी माणसांनी जपल्या, कारण जो सोडतो त्याचे प्रेम खरे, ही खूण माणसाला मनोमन पटते. आमच्या न्यायव्यवस्थेत मात्र रेघ तशीच आहे आणि निवाडा उलटा झाला आहे. येथे जो सोडतो त्याचा हक्क जातो. जो ओढत राहतो त्याला काळ साहाय्य करतो.

हा दोष एखाद्या न्यायाधीशाचा नव्हे. कायद्याने मुलाला विसरलेले आहे असेही नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच म्हटले आहे, की पालक नेमताना पाल्याचे हित पाहावे आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच एका निकालात स्पष्ट केले, की बापाचे हित किंवा आईचे हित नव्हे, तर केवळ मुलाचेच हित सर्वोपरी होय. १९५६ च्या हिंदू अज्ञान पालकत्व कायद्याने तेच तत्त्व कलम १३ मध्ये घातले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचा रोखही भांडण लवकर व समेटाने मिटावे हाच आहे. निकालावर तीस दिवसांत उच्च न्यायालयाकडे अपील करता येते, ते किमान दोन न्यायाधीशांपुढे चालते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, मधल्या हुकमांवरही नाही. म्हणजे अपील करायला मुदत आहे. अपील मिटेपर्यंत मुलाचे किती वय खर्ची पडावे, याला मात्र अशी पक्की मुदत नाही.

मग अपीलच नको, असे म्हणायचे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. आपल्याच इतिहासात याचे दोन्ही दाखले आहेत. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी लावले गेले. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा नवऱ्याने मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली ‘नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. येथे खालच्या न्यायालयाला जे दिसले ते वरच्याला दिसले नाही. पायरी उंच असली म्हणजे तेथून माणूस जास्त स्पष्ट दिसतोच असे नाही.

दुसरा दाखला नागपूरचा. २०१६ साली तेथे बारा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणतात त्याखाली, आरोपीला शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कातडीला कातडीचा स्पर्श झाला नाही, या कारणाने त्या कायद्याखालची शिक्षा काढून टाकली. देशभर खळबळ उडाली. ॲटर्नी जनरल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला. स्पर्शामागचा हेतू पाहायचा, मध्ये कापड होते की नव्हते हे नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. तेथे अपील झाले नसते तर त्या एका निकालाने कित्येक मुले उघडी पडली असती. तेव्हा तेथे अपील करणे हे कर्तव्यच होते. तरीही हिशेब करावा. घटना घडली तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. अखेरचा निकाल लागेतो तिचे सतरावे वर्ष आले. न्याय मिळाला, आणि त्याची किंमत तिच्याच बालपणातून वळती झाली.

या दोन दाखल्यांवरून मला एक भेद सुचतो. काही अपिले राखणदाराची असतात, काही मालकाची. मुलाला मारहाण होते, त्याच्यावर अत्याचार होतो, त्याची उपासमार होते आणि न्यायालयाला ते दिसलेले नाही, अशा वेळी गप्प बसणारा आईबाप आपले कर्तव्य चुकतो. त्याने शेवटच्या पायरीपर्यंत जावे. पण मूल दोन्ही घरी सुखरूप आहे आणि वाद केवळ ‘ते माझे की तुझे’ एवढाच उरला आहे, तेथले अपील हे शेताच्या बांधाचे भांडण होय. बांध दहा वर्षे पडून राहिला तरी जागचा हलत नाही. मूल दहा वर्षांत मोठे होऊन निघून जाते.

हा भेद करणे अवघड आहे, हे मी जाणतो. मालकही स्वतःला राखणदारच समजतो. सुडापोटी खोटा आरोप करणारेही असतात, आणि अशा खोट्या आरोपांच्या बोभाट्यात एखाद्या मुलाचा खरा हुंदका ‘हा वकिलाने शिकवलेला’ म्हणून दुर्लक्षिला जातो. यावर एक साधी कसोटी मला सुचते. अपिलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हा निकाल फिरला तर उद्या सकाळी मुलाच्या दिवसात काय बदलेल? त्याचे उत्तर मुलाच्या झोपेत, डब्यात, अंगावरच्या वळांत सापडत असेल तर जरूर सही करावी. ते उत्तर चारचौघांतल्या आपल्या मानापमानात सापडत असेल, तर लेखणी खाली ठेवावी.

शिवाय लेखणी ठेवणे म्हणजे मूल गमावणे नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली, मूल वाढले, तर त्याच न्यायालयाकडे जाऊन तो बदलून मागता येतो. विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात दोघांनी मिळून मूल वाढवण्याची, संयुक्त ताब्याची वाट सुचवली आहे. पन्नास मैलांवर भाषा बदलणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या मुलांना दोन भाषा एकाच तोंडात नांदवता येतात. मग दोन घरे एका मनात नांदवायला त्यांना आपण का मदत करू नये?

आणि आपण, म्हणजे शेजारी, नातेवाईक, शिक्षक? पॉक्सोच्या कायद्याने अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला शिक्षा आहे. आमच्या शहरात २०१६ पासून पोलिसांचे ‘भरोसा’ केंद्र त्यासाठीच आहे. पण कायदा बोलायला लावतो तो अत्याचाराच्या बाबतीत. डबा परत नेणाऱ्या मुलाबद्दल बोलायला कोणताही कायदा भाग पाडत नाही. ते आपले आपणच ठरवायचे असते. मी ठरवले नाही. न्यायमूर्तींच्या पुढे त्या मुलाबद्दल ढीगभर कागद होते, आणि त्यात माझा दाखला हा सर्वांत स्वच्छ अक्षरातला, सर्वांत पोकळ कागद होता.

त्यानंतर मी असे दाखले वेगळ्या रीतीने लिहितो. वर्गशिक्षिकेला समोर बसवतो, जे दिसले ते लिहितो, आणि एकच प्रत दोन्ही पालकांना देतो. दोघेही माझ्यावर रागावतात. तो राग मी सोसतो.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरीला लागला आहे. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन घरी आला होता. अर्धा डबा चकल्या, अर्धा अरिसेलू. दोन घरचे एकाच डब्यात. जाताना मी सहज विचारले, “पुन्हा कधी येशील?”

तो हसला. म्हणाला, “येईन सर. तारीख नका विचारू.”